वकिलाशिवाय दिवाणी दावा कसा चालवायचा: हातउसन्या पैशांच्या वसुलीचं उदाहरण घेऊन

स्वतःचा दावा स्वतः चालवायला कायद्याची आडकाठी नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३, नियम १ प्रमाणे पक्षकार स्वतः कोर्टात हजर राहू शकतो. वकीलपत्राच्या (वकील नेमल्याच्या कागदाच्या) जागी काही वेगळा कागद लागत नाही. वादपत्रावर, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जावर, वकिलाच्या नावाऐवजी ‘वादी स्वतः’ असं लिहिलं की झालं. कोर्टात तुम्हाला सगळे ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतील. मुंबई उच्च न्यायालयात मात्र २०१५ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि तिथे स्वतः बाजू मांडायची तर आधी एका समितीपुढे जावं लागतं. हा लेख तालुका आणि जिल्हा कोर्टांपुरता, आणि तोही महाराष्ट्रातल्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोर्टात तावातावाने बोलता आलं पाहिजे, ही लोकांची धास्ती निराधार आहे. दिवाणी दाव्यात बोलणं फार थोडं असतं. वादपत्रात काय लिहिलं, कोणता कागद कधी दाखल केला आणि कोणती तारीख चुकली नाही, यावर दावा उभा राहतो किंवा पडतो. ज्याला कागद नीट लावता येतात, तारीख वहीत लिहून ठेवता येते आणि रागाला आवर घालता येतो, त्याने साधा दावा स्वतः चालवायला हरकत नाही.

आधी ठरवा: हा दावा आपल्या आवाक्यातला आहे का

हातउसने दिलेले पैसे, परत न मिळालेलं डिपॉझिट, केलेल्या कामाचं थकलेलं बिल, अशा दाव्यांत मुद्दे कमी असतात आणि पुरावा कागदावर असतो. असे दावे स्वतः चालवता येतात. भाऊबंदकीतलं वाटप, मालकी हक्काचा वाद, मृत्युपत्राला आव्हान, अतिक्रमण आणि मोजणी, यांत पडू नका. तिथे एखादा वारस पक्षकार करायचा राहिला किंवा मागणीतलं एक कलम सुटलं तर दहा वर्षांनी अपिलात त्याची किंमत मोजावी लागते. माझं मत असं की जमिनीच्या दाव्यात वकील घ्यावाच.

वकील परवडत नाही एवढंच कारण असेल तर थांबा आणि आधी कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. आणखी एक मधला मार्ग आहे, तो फारसा कोणी वापरत नाही: वादपत्राचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्यायचा, त्याची फी द्यायची आणि दावा स्वतः चालवायचा. पुढे गरज पडली तर कुठल्याही टप्प्यावर वकीलपत्र देता येतं.

प्रकरण दिवाणी कोर्टाचंच आहे ना?

बरेच लोक चुकीच्या दारात उभे राहतात. वस्तू किंवा सेवेत फसवणूक झाली असेल तर ग्राहक आयोग आहे. तिथे वकिलाची गरज खरोखर कमी लागते आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं असते. गृहनिर्माण सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद बहुतेक वेळा सहकार न्यायालयात जातो. शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याने अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. बिल्डरने ताबा लांबवला तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण. सातबाऱ्यावरची नोंद चुकली असेल तर आधी महसूल खात्यातच जावं लागतं. नवरा-बायकोतला वाद जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच न्यायालयात चालतो, आणि तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क मानलेलाच नाही, त्यामुळे स्वतः उभं राहणं तिथे नेहमीचं आहे.

चेक वटला नाही तर त्याची तक्रार फौजदारी स्वरूपाची असते आणि तिचं वेळापत्रक फार कडक असतं. ती तक्रार आणि वसुलीचा दिवाणी दावा हे दोन वेगळे रस्ते आहेत. एक धरला म्हणून दुसऱ्याची मुदत थांबत नाही.

दोन व्यावसायिकांमधला व्यवहार असेल आणि रक्कम तीन लाख किंवा जास्त असेल तर तो वाणिज्यिक दावा ठरण्याची शक्यता असते. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर अशा दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करणं सक्तीचं आहे. ती टाळून दाखल केलेलं वादपत्र फेटाळलं जातं.

मुदत: इथेच सर्वांत जास्त दावे बुडतात

मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीसाठी तीन वर्षं मिळतात. ती पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात, मागितल्याच्या किंवा समोरच्याने नकार दिल्याच्या दिवसापासून नाही. १२ जून २०२४ ला पैसे दिले असतील तर १२ जून २०२७ हा शेवटचा दिवस. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण उन्हाळी सुट्टीच्या भरवशावर कोणी बसू नये.

मुदतीबद्दल चार गैरसमज पक्के रुजलेले आहेत. पहिला, नोटीस पाठवली की मुदत वाढते. वाढत नाही. दुसरा, समोरचा ‘दिवाळीला देतो’ म्हणाला होता म्हणून मुदत वाढली. तोंडी वायद्याने काही होत नाही. तिसरा, उशीर माफीचा अर्ज करता येतो. तो अपिलाला आणि काही अर्जांना चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. चौथा, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर निभावून जाईल. कलम ३ प्रमाणे न्यायाधीशांना तो मुद्दा स्वतःहून बघावाच लागतो.

मुदत खरोखर नव्याने सुरू होते ती दोन प्रसंगी. मूळ मुदत संपण्याआधी कर्जदाराने सही करून लेखी कबुली दिली तर (कलम १८), किंवा मुदतीत काही रक्कम परत केली आणि त्या परतफेडीची त्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद असेल तर (कलम १९). म्हणून समोरचा वेळ मागत असेल तर त्याला एका कागदावर चार ओळी लिहून द्यायला सांगा: अमुक तारखेला इतके घेतले, आज इतके बाकी आहेत, खाली सही आणि तारीख. नात्यात, मैत्रीत हे मागायला अवघड जातं. तरी मागा. मोबाइलवरच्या मेसेजवर मुदत वाचवायचा डाव मी खेळणार नाही. मेसेज पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण मुदतीचा हिशेब मूळ तारखेपासूनच धरावा.

नोटीस

पैशांच्या दाव्याआधी नोटीस द्यावीच असं कायदा म्हणत नाही, पण द्यावी. सरकारविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस सक्तीची आहे. नगरपालिका, महानगरपालिका यांच्या कायद्यांतही वेगळ्या नोटिशीची कलमं आहेत, ती बघून घ्या.

नोटीस वकिलाच्या लेटरहेडवरच पाहिजे असं काही नाही. साध्या कागदावर लिहा: कधी, किती, कशाने दिले, किती परत आले, बाकी किती, इतक्या दिवसांत द्या, नाहीतर दावा लावीन आणि खर्चही मागीन. त्यात एक वाक्य आवर्जून घाला: ‘ही नोटीस मिळाल्यापासून बाकी रकमेवर द. सा. द. शे. अमुक दराने व्याजाची मागणी करीत आहे.’ व्याज ठरलेलं नसलं तरी लेखी नोटिशीत मागितल्यापासूनचं व्याज व्याज अधिनियम, १९७८ खाली मागता येतं. नोटिशीत ते वाक्य नसेल तर तेवढ्या काळाचं व्याज मिळवणं अवघड होतं.

पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पाठवा. पावती आणि नोटिशीची झेरॉक्स जपून ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘दार बंद’ असा शेरा होऊन परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट जसंच्या तसं कोर्टात दाखल करायचं असतं. पत्ता बरोबर असेल तर नकाराचा शेरा म्हणजे नोटीस बजावली गेली, असंच कोर्ट सहसा धरतं.

कोणत्या कोर्टात

पैशांचा दावा प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा व्यवहार जिथे घडला तिथे करता येतो. स्थावर मिळकतीचा दावा ती मिळकत जिथे आहे तिथेच. रकमेप्रमाणे तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जातो की वरिष्ठ स्तर यांच्याकडे, हे ठरतं. ती मर्यादा शासन बदलत असतं, म्हणून दाखल करण्याआधी फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या. कनिष्ठ कोर्टात बसणारा दावा थेट वरच्या कोर्टात नेता येत नाही. मुंबईत रकमेप्रमाणे लघुवाद न्यायालय, नगर दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय अशी वाटणी आहे.

वादपत्र लिहिणे

भाषेची चिंता नको. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. साध्या, स्वच्छ मराठीत लिहिलेलं वादपत्र कोर्टाला आवडतं. मोडकंतोडकं इंग्रजी लिहू नका.

वादपत्रात घटना लिहायच्या, पुरावा आणि कायद्याचं प्रवचन लिहायचं नाही. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, एका परिच्छेदात एक गोष्ट. सुरुवातीला कोर्टाचं नाव, मग वादी आणि प्रतिवादी यांची पूर्ण नावं, वय, धंदा, पत्ता. त्याखाली एका ओळीत दाव्याचं स्वरूप आणि रक्कम: ‘रक्कम रुपये १,५०,०००/- वसूल होऊन मिळण्याबाबत दावा.’ पुढचा मजकूर साधारण असा जातो:

१. वादी व प्रतिवादी हे एकाच गावचे रहिवासी असून त्यांचा पूर्वीपासून परिचय आहे.

२. प्रतिवादीने घरबांधणीसाठी वादीकडे रक्कम रुपये १,८०,०००/- हातउसने मागितले. वादीने ती रक्कम दिनांक १२/०६/२०२४ रोजी स्वतःच्या बचत खात्यातून प्रतिवादीच्या खात्यात वर्ग केली.

३. प्रतिवादीने दिनांक ०५/०२/२०२५ रोजी धनादेशाने रुपये ३०,०००/- परत केले. उर्वरित रुपये १,५०,०००/- वारंवार मागणी करूनही दिलेले नाहीत.

४. वादीने दिनांक अमुक रोजी नोटीस पाठविली. ती प्रतिवादीस दिनांक अमुक रोजी मिळाली. प्रतिवादीने रक्कम दिली नाही व नोटिशीस उत्तरही दिले नाही.

यानंतर चार परिच्छेद ठरलेले असतात आणि ते चुकले तर दावा अडतो. ‘दाव्यास कारण’ कधी आणि कुठे घडलं. दावा या कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात कसा येतो. दावा मुदतीत कसा आहे. आणि दाव्याचं मूल्यांकन किती, त्यावर कोर्ट फी किती भरली. याच विषयावर आधी दुसरा दावा केला आहे किंवा नाही, हेही लिहावं.

शेवटी मागणी: ‘सबब, अर्ज की, प्रतिवादीकडून वादीस रुपये १,५०,०००/- व त्यावर दावा दाखल तारखेपासून रक्कम वसूल होईपर्यंत व्याज देवविण्यात यावे. दाव्याचा खर्च प्रतिवादीकडून देवविण्यात यावा. न्यायास धरून इतर योग्य ते हुकूम व्हावेत.’ जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. एकाच व्यवहारातून जेवढं येणं आहे तेवढं सगळं याच दाव्यात मागा. सोडून दिलेल्या भागासाठी नंतर दुसरा दावा करायला आदेश २, नियम २ आडवा येतो.

मग सही, ठिकाण, तारीख, आणि त्याखाली सत्यापन: कोणत्या परिच्छेदातला मजकूर स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आणि कोणता मिळालेल्या माहितीवरून खरा मानता, हे परिच्छेदांचे क्रमांक देऊन लिहायचं. सोबत प्रतिज्ञापत्र. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर लागत नाही. आवारात कोणी स्टॅम्प पेपर घ्या म्हणालं तरी पैसे घालवू नका.

एक सावधगिरी. उसने दिल्याचं सांगताना भरमसाठ व्याज ठरलं होतं असं लिहायचा मोह होतो. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजबट्ट्याचा धंदा करणाऱ्याला कोर्ट हुकूमनामा (निकालाप्रमाणे वसुलीचा औपचारिक आदेश) देत नाही. प्रतिवादीचा वकील पहिला बचाव तोच घेईल. तुम्ही एकट्या मित्राला अडीअडचणीत पैसे दिले असतील तर तेवढंच आणि तसंच लिहा.

दाखल करताना

सोबत लागणारे कागद: मूळ वादपत्र, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत, कागदपत्रांची यादी आणि त्यांच्या प्रती, पत्ता पुरसिस (आपला पत्ता कोर्टाला कळवणारा लेखी कागद), समन्सचे फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स. काही कोर्टांत हिरवा लेजर कागद मागतात, काही ठिकाणी ए-फोर चालतो. डावीकडे भरपूर समास सोडा, कारण फाइल तिथे शिवली जाते. कागदपत्रांच्या यादीत क्रमांक, तारीख, कागदाचं वर्णन, मूळ आहे की झेरॉक्स, असे रकाने करा. मूळ कागद लगेच हातचे सोडायचे नसतील तर आधी झेरॉक्स देता येतात, पण कोर्टाने मुद्दे (वादाचे नेमके प्रश्न) काढण्याआधी मूळ कागद दाखल झाले पाहिजेत. आपल्याकडे प्रत्येक कागदाचा एक संच राहील एवढं बघा.

कोर्ट फी महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ प्रमाणे दाव्याच्या रकमेवर टप्प्याटप्प्याने लागते. तिची कमाल मर्यादा २०१८ पासून दहा लाख रुपये आहे, आपल्यासारख्यांच्या दाव्यात तिथपर्यंत जायचा प्रश्न येत नाही. आकडा फायलिंग विभागात काढून मिळतो. फी कमी पडली तर कोर्ट मुदत देतं, त्या मुदतीत भरली नाही तर वादपत्र नामंजूर होतं. पोटगी, मिळकतीचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. ही सवलत हक्काची आहे, पण बऱ्याच जणींना कोणी सांगत नाही. वादपत्रात तसा परिच्छेद घालून ती मागावी. फी भरण्याची ऐपतच नसेल तर आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा करण्याची परवानगी मागता येते.

कागद तपासल्यावर उणिवा निघाल्या तर फायलिंगचे कर्मचारी आक्षेप काढतात. वैतागू नका. आक्षेप लिहून घ्या, दुरुस्त करून परत द्या. दाव्याला नंबर पडला की अक्षरं आणि आकडे मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, टप्पा, हुकूम, सगळं मोबाइलवर दिसतं.

समन्स आणि भत्ता

नंबर पडला म्हणजे गाडी आपोआप पुढे जाते असं समजू नका. प्रतिवादीवर समन्स काढायला तुम्हालाच भत्ता (बजावणीचा खर्च) भरावा लागतो. त्याला सात दिवसांची मुदत आहे, आणि भत्ता न भरल्याने दावा काढून टाकला जाऊ शकतो. भत्ता भरल्यावर समन्स नाझर विभागातून (कोर्टाच्या बजावणी खात्यातून) बेलिफाकडे, म्हणजे ते नेऊन देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जातं. बेलिफाला घर सापडावं म्हणून पत्त्यात खूण लिहा: ‘मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीशेजारी.’ खेड्यात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात.

समन्स न बजावता परत आलं तर बेलिफाचा अहवाल फाइलमध्ये वाचा. पत्ता चुकला असेल तर नवा पत्ता देऊन पुन्हा भत्ता भरा. इथेही सात दिवसांच्या आत नवं समन्स मागावं लागतं. प्रतिवादी टाळाटाळ करतोय असं दिसलं तर दाराला चिकटवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर करून समन्स बजावण्याची परवानगी मागणारा अर्ज द्या.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत (वादपत्राला उत्तर) द्यायची असते. कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं, आणि दंड घेऊन त्यानंतरही घेतलेल्या कैफियती तुम्हाला दिसतील. मुदत उलटली की ‘कैफियतीविना दावा पुढे चालवावा’ असा अर्ज द्या. प्रतिवादी आलाच नाही तर दावा एकतर्फा चालतो. तरीही पुरावा द्यावाच लागतो, आपोआप हुकूमनामा मिळत नाही.

नि. ५ काय असतं

कोर्टात दाखल झालेल्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो. वादपत्र म्हणजे नि. १, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज इथल्या कोर्टांत वर्षानुवर्षं नि. ५ म्हणून ओळखला जातो. दावा निकालात निघेपर्यंत समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून थांबवायचं असेल तर हा अर्ज. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रथमदर्शनी केस आपल्या बाजूने आहे, सोयीचं पारडं आपल्याकडे झुकतं, आणि मनाई न मिळाल्यास पैशांनी भरून न येणारं नुकसान होईल. पैशांच्या साध्या दाव्यात तो सहसा लागत नाही. प्रतिवादी वसुली चुकवायला मालमत्ता विकायच्या बेतात असेल तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज करता येतो, पण नुसत्या संशयावर तो मिळत नाही. कोणती मालमत्ता, कोणाला, कधी, हे सांगावं लागतं.

तारखेला कसं वागायचं

सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघा, आपला अनुक्रम लिहून घ्या. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा. पुकारा झाला की पुढे जाऊन ‘वादी स्वतः हजर आहे’ एवढं म्हणा. न्यायाधीशांना सर किंवा मॅडम म्हटलं तरी चालतं. आज काय हवंय ते एका वाक्यात सांगा. जे मागायचं ते लेखी अर्जाने मागा, तोंडी विनंतीची फाइलला आठवण राहत नाही. प्रत्येक अर्जाची प्रत समोरच्या वकिलाला देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्या. बाहेर पडण्याआधी पुढची तारीख आणि कशासाठी आहे ते विचारून घ्या.

तुम्ही गैरहजर आणि प्रतिवादी हजर, असं झालं तर दावा काढून टाकला जातो आणि त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. तो पुन्हा फाइलवर घ्यायचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. आजारी असाल तर कोणाच्या तरी हाती अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला पाठवा.

पुरावा

कैफियत आली की कोर्ट मुद्दे काढतं. मुद्द्यांची नक्कल घ्या, कारण पुढचा सगळा पुरावा त्याच चौकटीत द्यायचा असतो. प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्याकडचा कागद आणि साक्षीदार कोण, हे लिहून काढा. ज्या मुद्द्यापुढे जागा रिकामी राहते तिथे काम करायचं.

तुमचा सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो. वादपत्राच्याच क्रमाने लिहा आणि वादपत्रात नसलेली नवी कथा त्यात आणू नका. बँकेचा खातेउतारा बँकेच्या शिक्क्यानिशी आणि आवश्यक प्रमाणपत्रासह घ्या. व्हॉट्सॲपचे मेसेज द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुरेशा मुद्रांकाशिवाय केलेला करारनामा पुराव्यात वाचला जात नाही, तूट आणि दंड भरावा लागतो, त्याची सोय आधी करा.

मग समोरचा वकील तुमची उलटतपासणी घेईल. प्रश्न पूर्ण ऐका. तेवढ्याचंच उत्तर द्या. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ‘तुम्ही खोटं सांगता’ या प्रश्नावर भडकू नका, तो प्रश्न विचारावाच लागतो, उत्तर ‘खरे नाही’ एवढंच. न्यायाधीश किंवा टंकलेखक काय लिहून घेतायत त्याकडे लक्ष ठेवा, चुकीचं उतरलं तर तिथेच नम्रपणे सांगा, आणि वाचूनच सही करा.

प्रतिवादीची उलटतपासणी तुम्हाला घ्यायची असते, आणि पार्टी इन पर्सनला सर्वांत अवघड जातं ते हेच. प्रश्न घरून लिहून आणा. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, आणि तीही अशी की त्याला होय किंवा नाही म्हणावं लागेल: ‘नि. १४ वर दाखवलेलं खातं तुमचं आहे ना?’ ‘१२ जून २०२४ ला त्यात १,८०,००० जमा झाले, बरोबर?’ ‘तुम्ही ३०,००० चा चेक वादीला दिला होता?’ ‘त्या चेकवरची सही तुमची?’ ‘नोटिशीला तुम्ही उत्तर दिलं नाही?’ इथे थांबा. ‘मग माझे पैसे का देत नाही?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला हवी ती गोष्ट सांगायला दार उघडून दिल्यासारखं होतं.

तडजोड, निकाल आणि दरखास्त

मधल्या काळात लोक अदालतीत प्रकरण ठेवायचं का, असं विचारलं जाईल. समोरचा हप्त्यांनी द्यायला तयार असेल तर नीट विचार करा. लोक अदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नसतं आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. तडजोड पुरसिसमध्ये (तडजोडीच्या अटींच्या लेखी कागदात) प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, आणि एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम वसूल होईल, हे कलम घाला.

युक्तिवाद लेखी द्या, तीन-चार पानांत. प्रत्येक मुद्दा, त्यापुढे निशाणी क्रमांक, त्यापुढे प्रतिवादीने उलटतपासात दिलेली कबुली.

निकाल लागला त्याच दिवशी निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज द्या. विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात, नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात.

बाजूने लागला म्हणून पैसे हातात पडत नाहीत. प्रतिवादी देत नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. पैशांच्या हुकूमनाम्याला बारा वर्षांची मुदत आहे, पण उशीर केला तर मालमत्ता हातची जाते. दरखास्तीत ऋणकोची (पैसे देणं लागणाऱ्याची) काय काय मालमत्ता आहे ते तुम्हालाच सांगावं लागतं: बँक खातं, वाहन, सातबाऱ्यावरची जमीन, पगार. पगाराच्या जप्तीत पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीचा भाग वळता होतो. मालमत्तेचा पत्ता लागत नसेल तर आदेश २१, नियम ४१ खाली ऋणकोने स्वतः प्रतिज्ञापत्रावर मालमत्ता जाहीर करावी, असा अर्ज द्या. त्यासाठी दावा चालू असतानाच त्याने दिलेल्या चेकची, बिलांची, व्यवहारांची झेरॉक्स फाइलच्या मागे वेगळी लावत जा. बँकेचं नाव आणि शाखा त्या चेकवर छापलेलीच असते.